खोट्या उड्डाणाची खरी शिस्त

जुलै १९६९चा आरंभ. अपोलो ११ सुटायला थोडेच दिवस उरले होते आणि ह्यूस्टनचे नियंत्रक एक खोटे चांद्रावतरण पार पाडत होते. संगणकाने १२०१ हा अनोळखी इशारा दिला. स्टीव्ह बेल्स यांनी उतरणे रद्द करायला लावले. निर्णय चुकल्याचे सराव घेणाऱ्यांनी सुनावले. मग जॅक गार्मन यांनी अशा इशाऱ्यांची यादीच हाताने लिहून काढली. २० जुलैला खऱ्या यानात १२०२ आला, तेव्हा ‘पुढे चला’ म्हणता आले ते त्या यादीमुळे.

मार्टिन श्वायगर यांच्या ‘ऑर्बिटर’ने २००० पासून असे उड्डाण घरच्या संगणकावर आणले. एकटा खेळाडू काळ हजारपट पळवून चंद्राची तीन दिवसांची वाट चार-साडेचार मिनिटांत संपवतो. चौघे असले की घड्याळे जुळत नाहीत. तीन दिवस जागणार कोण, आणि वीज गेली तर? यावर तोड म्हणजे प्रसंगाची फाइल. तारीख, स्थान, वेग, उरलेले इंधन, सारे साध्या मजकुरात. मुरगूडच्या मुलाने यान कक्षेत न्यावे, फाइल पुण्याच्या मित्राकडे द्यावी. पालखीचा खांदा बदलावा तशी. मात्र पहिल्याने इंधन उधळले, तर शेवटचा चंद्राभोवती फिरतच राहतो.