पडद्यावरील छत्रपति संभाजी

सन २०२५च्या फेब्रुवारी महिन्यांत आमच्या करंजाडे येथील वसाहतींत एक मौजेचें दृश्य दिसूं लागलें. सायंकाळीं जीं मुलें एरवीं चेंडूफळी खेळतात, तीं काठ्यांच्या तलवारी करून एकमेकांवर तुटून पडत. आणि औरंगजेब व्हावयास मात्र कोणी तयार होत नसे. १४ फेब्रुवारीस ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता. पनवेलच्या चित्रपटगृहांतून कुटुंबेंच्या कुटुंबें तो पाहून येत होतीं, आणि डोळे पुशीत बाहेर पडणारांत पुरुषहि पुष्कळ होते. त्याच आठवड्यांत शेजारचा एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, हें सगळें खरेंच असें झालें होतें का?”

तीस-बत्तीस वर्षें इतिहास शिकविलेल्या मनुष्यास ह्या प्रश्नाचें उत्तर चटकन् देतां यावयास हवें. मला तें देतां आलें नाहीं, आणि त्याचें कारण सांगण्यासाठींच आजचें हें भाषण आहे.

छत्रपति संभाजीमहाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजीं पुरंदर किल्ल्यावर झाला, आणि ११ मार्च १६८९ रोजीं औरंगजेबाच्या आज्ञेनें त्यांचा वध झाला. ह्या दोन तिथींविषयीं फारसा वाद नाहीं. वाद आहे तो मधल्या बत्तीस वर्षांविषयीं. आज आपण ज्या बखरींच्या आधारें त्यांचें जुनें चित्र ओळखतों, त्यांतील प्रमुख बखर मल्हार रामराव चिटणीस यांची. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं. शिवाय हे मल्हारराव बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशांतले, आणि बाळाजी आवजींना संभाजीमहाराजांनीं १६८१ सालीं कटाच्या आरोपावरून देहदंड दिलेला. ज्याच्या घरावर राजाचा कोप झाला त्याच्या वंशजानें त्या राजाचें चरित्र लिहावयाचें! लेखणी वांकडी चालली असेल तर त्यांत आश्चर्य कसलें? तरीहि ती बखर आपण पिढ्यान् पिढ्या प्रमाण मानली, हा दोष बखरकाराचा नव्हे, आपला आहे.

बखरींतून हें चित्र रंगभूमीवर आलें. राम गणेश गडकरी यांचें ‘राजसंन्यास’ हें नाटक त्यांच्या अकालीं निधनामुळें अपूर्ण राहिलें. परंतु त्यांत रंगविलेला विलासी राजा मराठी मनांत जो बसला तो बसलाच. (पुढें जानेवारी २०१७ मध्यें ह्याच नाटकाच्या रागानें पुण्याच्या संभाजी उद्यानांतील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून टाकण्यांत आला. नाटककाराशीं भांडावयाचें तर लेखणीनें भांडावें, दगडाशीं भांडून काय साधतें, तें मला कळलेलें नाहीं.) रंगभूमीवरून तें पडद्यावर आलें. १९४१ सालीं भालजी पेंढारकरांनीं ‘थोरातांची कमळा’ हा बोलपट काढला आणि त्यांत चंद्रकांत मांढरे संभाजीराजे झाले. १९६३ सालीं तीच कथा पुन्हा पडद्यावर आली. राजाचें एका सरदारकन्येवर मन जडतें आणि त्यांतून अनर्थ ओढवतो, ही ती कथा. भालजींच्या मनांत राजाची निंदा करावयाची होती असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. ते तर शिवभक्त होते. जी कथा लोकांच्या तोंडीं होती ती त्यांनीं घेतली, इतकेंच.

आणि येथें मला एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मींहि ती कथा वर्गांत सांगितली आहे. पाठ्यपुस्तकांत ती नव्हती. पण तास रंगावा म्हणून सांगितली. मुलें टक लावून ऐकत होतीं. पुढें वासुदेव सीताराम बेंद्रे यांचा ग्रंथ हातीं आला, आणि समकालीन साधनांत त्या कमळेचा पत्ताच नाहीं हें वाचून मी खजील झालों. तोंवर त्या वर्गांतलीं मुलें शाळा सोडून गेलीं होतीं. त्यांना आतां कोठें शोधावें?

बेंद्रे यांची योग्यता आपल्या लोकांना पुरती कळली आहे असें मला वाटत नाहीं. ह्या गृहस्थानें कित्येक तपें कागदपत्रें चाळून १९६० सालीं ‘श्री छत्रपति संभाजी महाराज’ हें चरित्र प्रसिद्ध केलें. वढू बुद्रुक येथील महाराजांच्या समाधिस्थानाचा शोध लावण्याचें श्रेयहि त्यांनाच दिलें जातें. पाठोपाठ कमल गोखले यांनीं ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिलें. ह्या दोघांनीं दाखविलेला राजा निराळाच आहे: संस्कृत जाणणारा, ‘बुधभूषण’ हा ग्रंथ ज्याच्या नांवावर आहे असा, जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचा फिरंगी आणि दक्षिणेंत स्वतः उतरलेला दिल्लीचा बादशहा ह्या तिघांशीं एकाच वेळीं झुंजणारा. १६८३ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. महाराज स्वतः धांवून आले, आणि त्याला वेढा उठवून परत फिरावें लागलें. पुढें मराठे जुवें बेटापर्यंत जाऊन भिडले, तेव्हां तो व्हाइसरॉय इतका हबकला कीं आपला अधिकारदंड त्यानें सेंट झेवियरच्या शवपेटीपाशीं नेऊन ठेविला. असा प्रसंग कोणा पटकथाकाराला कल्पनेनें सुचला असता तर आपण त्याला अतिशयोक्ति म्हटलें असतें!

ग्रंथ मात्र हजारांनीं वाचावयाचे, आणि चित्रपट कोट्यवधींनीं पाहावयाचे. बेंद्रे यांनीं जें सिद्ध केलें तें घरोघर पोंचविलें तें कादंबरीनें आणि दूरचित्रवाणीनें. शिवाजी सावंत यांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ सालीं निघाली. नंतर झी मराठी वाहिनीवर सप्टेंबर २०१७ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका चालली. अमोल कोल्हे यांनीं पूर्वी स्टार प्रवाह वाहिनीवर शिवाजीमहाराज उभे केले होते. येथें ते संभाजीमहाराज झाले. मालिका चालूं असतांनाच, २०१९ सालीं, ते शिरूर मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले; वढू बुद्रुक हें गांव त्याच मतदारसंघांत आहे. त्या दिवसांत आमच्या इमारतींत ही मालिका लागली म्हणजे जिना निर्मनुष्य होई.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतों. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरी हा इतिहास नव्हे. आणि कादंबरीवरचा चित्रपट तर इतिहासापासून दोन पावलें दूर. प्रदर्शनापूर्वीच महाराज लेझीम खेळतात ह्या दृश्यावर आक्षेप आला आणि तें दृश्य काढून टाकण्यांत आलें. मग शिर्के घराण्याच्या वंशजांनीं आपल्या पूर्वजांना फितूर दाखविल्याबद्दल हरकत घेतली, तेव्हां दिग्दर्शकानें दिलगिरी व्यक्त केली. वस्तुतः फेब्रुवारी १६८९ मध्यें मुकर्रबखानानें संगमेश्वरास महाराज व कवि कलश यांना पकडलें हें निश्चित. पण खबर कोणी दिली ह्याविषयीं साधनांत एकवाक्यता नाहीं. पडद्याला असा संशय परवडत नाहीं. पडद्यावर खलपुरुषास चेहरा लागतो, आणि चेहरा दिला कीं आडनांव आपोआप चिकटतें. चिटणीसांच्या बखरीनें जो अन्याय राजावर केला, त्याच जातीचा अन्याय एखाद्या घराण्यावर होऊं शकतो, ह्याची जाणीव आपणांस असावी.

ह्याहून हास्यास्पद प्रकार मध्यप्रदेशांत बऱ्हाणपूरजवळ घडला. चित्रपट पाहिल्यावर मोंगलांच्या सोन्याची अफवा उठली आणि मार्च महिन्यांत अशीरगडाच्या पायथ्याशीं शेंकडों लोक रात्रीं विजेऱ्या घेऊन शेतें खणूं लागले! त्याच महिन्यांत खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि १७ मार्च रोजीं नागपुरांत दंगल झाली. ती मात्र हंसण्याची गोष्ट नव्हती. एका चित्रपटानें दंगल घडते असें मी म्हणत नाहीं. परंतु तीन तासांत मिळविलेला संताप आणि तीस वर्षें वाचून मिळविलेलें ज्ञान यांत पहिल्याचा वेग फार मोठा असतो, हें शिक्षकाच्या नजरेंतून सुटत नाहीं.

मग मीं त्या मुलाला काय सांगितलें? प्रथम सांगितलें कीं, तुरुंगांतील छळ आणि महाराजांचें धैर्य ह्याला आधार आहे. संवाद मात्र लेखकाचे आहेत. मग त्याला रामशेजची गोष्ट सांगितली. नाशिकजवळचा हा लहानसा किल्ला. १६८२ सालीं बादशाही फौजेनें त्याला वेढा घातला आणि तो घ्यावयास तिला सुमारें पांच वर्षें लागलीं. राजा जिवंत असतांना त्याच्या माणसांनीं काय करून दाखविलें, हें मला राजाच्या मृत्यूइतकेंच सांगण्याजोगें वाटतें. पडद्याला मृत्यूचा मोह अधिक असतो, त्याला इलाज नाहीं.

मुलाबरोबर त्याची धाकटी बहीण आली होती. तिनें विचारलें, “त्या किल्लेदाराचें नांव काय होतें?” मीं सांगितलें कीं, वेगवेगळे लोक वेगवेगळीं नांवें सांगतात, त्यांतलें एकहि निर्विवाद ठरलेलें नाहीं. ती क्षणभर माझ्याकडे पाहात राहिली आणि म्हणाली, “मग पिक्चरमध्यें त्याला काय म्हणतील?”