नकाशाची टाइल आणि मोबाइलचा पडदा

मोबाइलवरील नकाशा हे एकसंध चित्र नसून ‘टाइल’ नावाच्या चौकोनी तुकड्यांची जुळणी असते. २००५ मध्ये आलेल्या गुगल मॅप्समुळे ही पद्धत रूढ झाली. टाइल साधारणतः २५६ बाय २५६ पिक्सेलची असते. शून्य पातळीवर सारे जग एका टाइलमध्ये मावते. पुढील प्रत्येक पातळीवर टाइलची संख्या चौपट होते.

२०१० मध्ये आयफोन-४ आला आणि तेवढ्याच पडद्यावर चौपट पिक्सेल बसले. जुनी टाइल ताणल्यास अक्षरे धूसर होत. न ताणल्यास रस्त्यांची नावे निम्म्या आकाराची, वाचण्यास अवघड. उपाय म्हणून दुप्पट आकाराची अक्षरे असलेली ५१२ पिक्सेलची टाइल २५६ च्या जागेत बसविण्यात येऊ लागली. नकाशा सुस्पष्ट झाला. मात्र डाउनलोडचा भार वाढला.

दुसरा मार्ग व्हेक्टर टाइलचा. डिसेंबर २०१० मध्ये गुगलने अँड्रॉइडवर तो अवलंबिला. यात चित्राऐवजी रस्ते, नद्या आदींचे निर्देशांक पाठविले जातात आणि रेखाटन फोनच करतो. त्यामुळे कोणत्याही पडद्यावर रेषा ठळक उमटते. अर्थात, अक्षरजुळणीही फोनकडेच येते. देवनागरी जोडाक्षरांची सोय आज्ञावलीत नसल्यास सुस्पष्ट नकाशावरही गावांची नावे मोडकी दिसतात.