रेषेच्या अलीकडे, रेषेच्या पलीकडे: नाशिकच्या घरबाजाराचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये घर घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, 'स्क्वेअर फुटाला काय चाललंय?' अभ्यासकानेही सुरुवात इथूनच करावी, फक्त पुढचे दोन प्रश्न गिळू नयेत. प्लॉटसमोरचा रस्ता किती मीटरचा आहे? आणि मूळ जमीन एकरापेक्षा मोठी होती की लहान? एजंटाला हे प्रश्न विचारले तर तो क्षणभर थांबतो. भावाची निम्मी गोष्ट त्या थांबण्यात असते.

घरबाजार हा विषय कोणा एका शास्त्राच्या मालकीचा नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी व्याजदर पाहतो, वकील सर्च रिपोर्ट वाचतो, नगररचनाकार एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) मोजतो आणि तलाठी सातबाऱ्यावरचे फेरफार सांगतो. चौघेही आपापल्या जागी बरोबर असतात. तरीही एकाच सदनिकेबद्दल चौघांची उत्तरे जुळत नाहीत. या विषयात नव्याने येणाऱ्याने त्यामुळे बिचकू नये. नाशिकपुरते मला एक सूत्र हाती लागले आहे आणि पुढची पाने त्याच सूत्राने वाचावीत अशी माझी सूचना आहे. सरकार कुठलीही योजना आणते तेव्हा प्रत्यक्षात एक रेषा आखते: इतके चौरस मीटर, इतके लाख, अमुक तारीख. बाजार त्या रेषेला विरोध करत बसत नाही. तो सोयीची बाजू हेरतो आणि रेषेला खेटून उभा राहतो.

आधी सरकार रेषा आखण्यापेक्षा घरेच जास्त बांधत होते. नाशिकरोडचे छापखाने, ओझरचा विमान कारखाना, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती यांनी शहरात पगारदार कुटुंबे आणली. त्यांच्यासाठी सिडकोने नवीन नाशिकच्या सहा योजना उभ्या केल्या, म्हाडाने आपल्या वसाहती केल्या. 'सिडकोत राहतो' हा आजही नाशिकमध्ये पुरेसा पत्ता आहे. ही घरे भाडेपट्ट्याच्या जमिनीवरची. त्यामुळे विकताना हस्तांतरण शुल्क आणि ना हरकत दाखला यांचे प्रकरण मागे लागते, आणि ते न आवरता नुसत्या मुखत्यारपत्रावर हात बदललेली घरे पुढच्या वारसांना त्रास देतात. 1982 साली महापालिका झाली. 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्राने 2007 मध्ये उठवला, शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनी बाजारात आल्या आणि बांधणारा सरकारी हात मागे सरकून खासगी बिल्डर पुढे आला. 2011 च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या 14.86 लाख होती. हा आकडा दहा लाखांच्या पुढचा आहे, हे लक्षात ठेवावे, कारण नाशिकच्या सर्वांत गाजलेल्या प्रकरणाला तोच कारणीभूत आहे.

2013 मध्ये राज्य सरकारने दहा लाखांपेक्षा जास्त वस्तीच्या शहरांसाठी सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आणली. जमीन 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल, तर 20 टक्के घरे किंवा भूखंड अल्प उत्पन्न आणि दुर्बल गटासाठी ठेवायचे. लाभार्थी म्हाडाने सोडत काढून द्यायचे आणि किंमत सरकारी तक्त्यातल्या बांधकाम दराशी बांधलेली. कल्पना चांगली होती. गंगापूर रोडच्या एखाद्या प्रकल्पात छापखान्यातल्या शिपायालाही घर मिळावे, गरिबांची वस्ती शहराबाहेर ढकलली जाऊ नये, हा तिचा हेतू. घडले वेगळेच. मार्च 2022 मध्ये हा विषय विधान परिषदेत गाजला. तत्कालीन गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी नाशिकमध्ये म्हाडाच्या वाट्याची घरे म्हाडाकडे आलीच नाहीत असा आरोप केला, नुकसानीचा आकडा सातशे कोटींचा सांगितला गेला, आणि महापालिका आयुक्तांच्या बदलीचे निर्देश सभापतींनी सभागृहातच दिले. एकराच्या आत बसतील असे जमिनीचे तुकडे पाडून मंजुरी घेतली जाते, हा आरोप तर त्यानंतरही थांबलेला नाही.

कोण दोषी हे ठरवायला चौकशा आहेत. अभ्यासकाने पाहायचे ते वेगळे. 4000 चौरस मीटरच्या जमिनीवर पाचवा हिस्सा सोडावा लागतो आणि 3900 वर काहीच सोडावे लागत नाही, असा नियम असेल तर शंभर चौरस मीटर कमी असण्यालाच किंमत येते. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्यालाही हे कळते. दोन भावांमधली वाटणी मग घरातल्या भांडणामुळे होते की आर्किटेक्टच्या सल्ल्याने, हे सातबाऱ्यावरून ओळखता येत नाही. माझ्या मते ही रेषा पायरीसारखी आखायलाच नको होती. जमीन वाढेल तसा हिस्सा हळूहळू वाढत गेला असता, तर तुकडे पाडण्यात फारसा फायदा उरला नसता.

दुसरी रेषा रस्त्याच्या रुंदीची. 'कपाट' हा शब्द नाशिकच्या बांधकाम क्षेत्रात उच्चारला की लोक सुस्कारा टाकतात. जुन्या नियमात भिंतीतल्या कपाटाची जागा एफएसआयमध्ये धरली जात नसे. नकाशावर खोलीबाहेर डोकावणारे कपाट दाखवायचे आणि बांधताना ते खोलीतच मिसळून टाकायचे, ही रीत इतकी रुळली की ग्राहकालाही त्यात काही वावगे वाटेना. मिळालेली खोली ऐसपैस होती. 2015 च्या सुमारास महापालिकेने हे क्षेत्र मोजायला घेतले आणि मंजुरीपेक्षा जास्त बांधकाम निघाल्यावर पूर्णत्वाचे दाखले अडले. जास्तीचे क्षेत्र टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन भरून काढावे, तर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर चालत नव्हता, आणि नाशिकच्या कॉलन्यांमधले कितीतरी रस्ते सहा आणि साडेसात मीटरचे. मग महापालिका अधिनियमाच्या कलम 210 चा आधार निघाला. प्लॉटधारकांनी समोरच्या बाजूची पट्टी सोडायची, रस्ता नऊ मीटरचा धरायचा आणि टीडीआरची वाट मोकळी करायची.

दरम्यान त्या इमारतींत माणसे राहतच होती. पूर्णत्वाचा दाखला नसलेला फ्लॅट विकायला काढला, की गिऱ्हाईक येते, बघून जाते, टोकनही देते. मग त्याची बँक कागद मागते आणि व्यवहार तिथेच बसतो. शेवटी तो फ्लॅट रोखीने घेणाऱ्याच्या हाती पडतो आणि रोखवाला भाव पाडून मागतो. या प्रकरणात बिल्डर आणि महापालिका यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. ज्यांनी मधल्या काळात मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घर विकले, त्यांचा तोटा मात्र कुठल्याच अहवालात येत नाही. तो शोधण्याचे काम अजून खुले आहे. डिसेंबर 2020 च्या एकात्मिक नियमावलीने बाल्कनी, कपाट असे सगळे क्षेत्र मोजणीत धरून वरून अधिमूल्य भरून पूरक एफएसआय देण्याची पद्धत आणली, म्हणजे जुनी पळवाट बुजली. नऊ मीटरची रेषा मात्र राहिली.

पैशांच्या रेषा तुलनेने सोप्या आहेत, आणि त्या सामान्य गिऱ्हाइकाला थेट लागतात. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर 1 टक्का जीएसटी आहे आणि इतर घरांवर 5 टक्के. 'परवडणारे' म्हणजे किंमत 45 लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र महानगरांत 60 चौरस मीटरपर्यंत, इतरत्र 90. नाशिक महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे इथला ऐसपैस टू बीएचकेही क्षेत्रफळात बसतो आणि प्रश्न उरतो तो 45 लाखांचा. 44 लाख 90 हजारांच्या घरावर कर 44,900 रुपये. साडेपंचेचाळीस लाखांच्या घरावर 2,27,500. घर साठ हजारांनी महागले आणि कर पावणेदोन लाखांहून अधिक वाढला. पार्किंग आणि हव्या त्या मजल्याचे जादा पैसेही या किमतीत धरले जातात. म्हणून सेल्स ऑफिसात 'पार्किंगचं नंतर बघू' असे कोणी म्हणाले, तर ते का म्हणाले हे आता वाचकाला कळेल. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकल्या जाणाऱ्या घराला हा कर लागतच नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा 2024 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पाही असाच मोजमापाचा आहे. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत. त्यातल्या पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज अनुदान, एकूण जास्तीत जास्त 1.80 लाख रुपये, पाच हप्त्यांत. कॉलेज रोडवर 35 लाखांत नवा टू बीएचके शोधणे म्हणजे वेळ घालवणे. म्हणून ही योजना खरेदीदाराला आपोआप म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी फाटा अशा कडेच्या भागांकडे नेते. गरजेचा प्रश्न सोडवताना ती शहर कोणत्या दिशेला वाढेल हेही ठरवते, आणि याची दखल योजनेच्या कागदावर कुठेच नसते. बँकेची रेषा आणखी निराळी. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे, अगदी स्वस्त घरे सोडली तर, त्या हिशेबात धरले जात नाहीत. हे पैसे बहुधा आईच्या दागिन्यांतून किंवा पतसंस्थेतून येतात. व्याजदर उतरल्याच्या बातमीने जितका आनंद होतो तितका तो हप्त्यात दिसत नाही. 30 लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा दर साडेआठवरून साडेसातवर आला तर महिन्याला साधारण 1,870 रुपये वाचतात.

तारखेचीही रेषा असते. कोविडच्या काळात राज्याने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 मुद्रांक शुल्कात 3 टक्के सूट दिली आणि मार्च 2021 पर्यंत 2 टक्के. डिसेंबर अखेरीस नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. चाळीस लाखांच्या घरावर 1 लाख 20 हजार वाचत होते, कोण थांबेल? पण या सवलतीने नवे खरेदीदार किती आणले आणि पुढच्या वर्षी येणारेच किती आधी ओढले, हा खरा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये मायकेल बेस्ट आणि हेन्रिक क्लेवेन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या व्यवहारांच्या सरकारी नोंदी घेऊन हाच प्रश्न सोडवला आहे. कराचा टप्पा जिथे बदलतो त्याच्या किंचित खाली व्यवहारांची गर्दी दिसते, आणि 2008-09 च्या सवलतीने वाढलेल्या व्यवहारांपैकी काही भाग सवलत संपल्यावर घटतो, असे त्यांना आढळले. नाशिकवर असा अभ्यास करायला लागणारे साहित्य नोंदणी विभागाकडे पडून आहे. त्याचे नाव इंडेक्स टू.

नव्या अभ्यासकाने सगळ्यात आधी एक इंडेक्स टू समोर घ्यावा. एक-दोन पानांचा कागद, रूक्ष. वरच्या बाजूला दस्ताचा प्रकार आणि त्याखाली लागोपाठ दोन आकडे, 'मोबदला' आणि 'बाजारभाव'. पहिला पक्षकारांनी सांगितलेला, दुसरा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी वार्षिक दरांच्या, तक्त्यावरून काढलेला. शुल्क दोहोंतल्या मोठ्या आकड्यावर लागते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले, की खरा सौदा किती रुपयांचा झाला असेल याचा अंदाज वाचकाने स्वतः करावा. उलटही घडते. तीन वर्षे स्थिर राहिलेले रेडी रेकनर दर 1 एप्रिल 2025 ला वाढले. राज्याची सरासरी वाढ 3.89 टक्के होती, नाशिक शहराची 7.31. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट खरोखरच तक्त्यापेक्षा स्वस्त जातो. पण तक्त्यातली किंमत ठरल्या भावापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असली, तर आयकर खाते विकणाऱ्याच्या नफ्याचा हिशेब तक्त्यावरून करते आणि घेणाऱ्यालाही फरक उत्पन्न म्हणून दाखवावा लागू शकतो. निवृत्त विक्रेत्याला हे खरेदीखताच्या आदल्या दिवशी सीए सांगतो. (ज्या मुद्रांक कागदांवर देशभर असे दस्त होत आले, त्यांतले पुष्कळ नाशिकरोडच्या छापखान्यातले. आता मात्र घराचे बहुतेक शुल्क ऑनलाइन चलनाने भरले जाते.)

रेरा कायद्याबद्दल मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. महारेरा 1 मे 2017 पासून काम करते. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात, नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही, विक्री चटई क्षेत्रावर, बांधकामातील दोषांची जबाबदारी पाच वर्षे. इथेही रेषा आहेच: जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणी लागत नाही. जुना बंगला पाडून पार्किंगवर चार मजले चढवणाऱ्या छोट्या बिल्डरांचे नाशिक या रेषेच्या अलीकडे राहते. तिथल्या ग्राहकाला 1963 चा मोफा कायदा आणि ग्राहक आयोग हेच आधार.

आता गोदावरीकाठच्या रेषा. सप्टेंबर 2008 च्या महापुरानंतर पाटबंधारे विभागाने आखलेली निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम जवळपास बंद, दोन्हींच्या मध्ये अटींवर. गावठाणातल्या वाड्यांचे मालक आणि भाडेकरू यामुळे एकमेकांना बांधले गेले आहेत. वाडा पडका, पाडून बांधता येत नाही, विकला तर घेणार कोण?

आणि शेवटची रेषा काही वर्षांनी हलणारी. सिंहस्थ कुंभमेळा 2015 नंतर आता 2027 चा. तपोवनात साधुग्रामासाठी आरक्षित खासगी जमीन मेळ्यापुरती भाड्याने घेतली जाते. मधल्या वर्षांत ती ना पूर्ण शेती असते ना प्लॉट. मालकाला मोबदला रोखीने हवा असतो, महापालिकेला टीडीआर द्यायचा असतो, आणि त्या टीडीआरचा भाव पुन्हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नऊ मीटर रस्त्यांवर ठरतो. प्रकल्पांच्या घोषणाही अशाच रेषा आखतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटींची निओ मेट्रो जाहीर झाली, जाहिरातींत तिची स्थानके आली, रस्त्यावर नाही. अशा घोषणांचा भावावर किती परिणाम होतो हे मोजायला साधुग्रामाची हद्द ही उत्तम जागा आहे. हद्दीच्या आतले आणि लगत बाहेरचे 2012 ते 2018 या काळातले दस्त काढावेत, गट नंबरवार लावावेत. ऑनलाइन शोधात जुने गट नंबर नीट सापडले नाहीत, तर दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून शुल्क भरावे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी गेलेले बरे.