कापता येणारे गाणे

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नावही ब्लॅक पँथरवरून घेतले. मात्र त्या लढ्यातले नेते आणि कवी आपण जितके वाचले, तितका तेथील रंगमंच आणि पडदा पाहिला नाही. गायिका-अभिनेत्री लीना हॉर्न यांची कारकीर्द त्यासाठी तपासली पाहिजे.

लीना यांचा जन्म ३० जून १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. सोळाव्या वर्षी त्या हार्लेममधील कॉटन क्लबात नाचणाऱ्या मुलींच्या ताफ्यात दाखल झाल्या. वस्ती काळ्यांची, नाचगाणे काळ्यांचे, गिऱ्हाईक मात्र गोरे. सामान्य काळ्या माणसाला तेथे प्रेक्षक म्हणून प्रवेश नव्हता. आपल्याला हे नवे नाही. जिची लावणी वाड्यावर चाले, तिच्या हातचे पाणी तेथे चालत नसे.

१९४२ साली एमजीएम या हॉलिवुडमधील बलाढ्य चित्रसंस्थेने त्यांच्याशी सात वर्षांचा करार केला. तोवर काळ्या नटीच्या वाट्याला मोलकरणीखेरीज दुसरी भूमिका क्वचितच येई. काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट पाठीशी होते. मोलकरणीचे काम करणार नाही, असे लीना यांनी ठरवून घेतले. हे साऱ्याच काळ्या नटांना रुचले नाही. मोलकरीण आणि हमाल यांच्या भूमिकांवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांना आपल्या पोटावर पाय येईल असे वाटले. ती भीती खोटी म्हणता येणार नाही.

चित्रसंस्थेने यावर तोड काढली. लीना यांना गाणे दिले, कथा दिली नाही. उंची पोशाख करून, खांबाला टेकून त्यांनी गायचे. नायक-नायिकेशी त्यांचा काही संबंध नाही. दक्षिणेकडील राज्यांत तेवढा तुकडा कापून चित्रपट दाखवता यावा, हा त्यामागचा हिशेब. दारावर 'प्रवेश नाही' अशी पाटी लावण्याची गरजच उरली नाही. पटकथेनेच ते काम केले. १९४३ च्या 'केबिन इन द स्काय' आणि 'स्टॉर्मी वेदर' या सर्व काळ्या कलावंतांच्या चित्रपटांत मात्र त्यांना खरी भूमिका मिळाली. पुढे 'शो बोट' (१९५१) मधील मिश्रवर्णीय ज्यूलीची भूमिका आली, तीही अॅव्हा गार्डनर या गोऱ्या नटीकडे गेली.

महायुद्धाच्या काळात सैनिकांपुढे गाताना त्यांना दिसले, की पुढच्या रांगांत जर्मन युद्धकैदी बसवले आहेत आणि देशासाठी लढणारे काळे सैनिक त्यांच्यामागे आहेत. त्या मंचावरून उतरल्या, कैद्यांकडे पाठ केली आणि काळ्या सैनिकांसमोर उभ्या राहून गायल्या. पॉल रोबसन यांच्याशी असलेली मैत्री आणि डाव्यांशी संबंध यांमुळे १९५० नंतर चित्रपट व दूरदर्शनची दारे त्यांना बरीचशी बंद झाली.

रंगमंच उरला. जिवंत प्रयोगातून बाईला कात्रीने काढता येत नाही. १९५७ साली ब्रॉडवेवरील 'जमैका' या संगीत नाटकात त्या नायिका होत्या. १९६३ च्या ऑगस्टमधील वॉशिंग्टन मोर्चात त्या होत्या. १९८१ साली त्यांनी ब्रॉडवेवर स्वतःच्याच आयुष्याचा कार्यक्रम उभा केला. त्याचे ३३३ प्रयोग झाले आणि शेवटचा त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी झाला. जिला कथेबाहेर उभे केले होते, ती आता स्वतःच कथा होती. २०१० साली त्यांचे निधन झाले. २०२२ साली ब्रॉडवेवरील एका नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले; काळ्या स्त्रीचे नाव मिळालेले ते तेथील पहिले नाट्यगृह.

प्रस्थापितांनी आपल्याला जागा दिली की आपण हुरळून जातो. संमेलनात एक परिसंवाद, अभ्यासक्रमात एक कविता, जयंतीला एक भाषण. जागा मिळाली, हे खरे. पण ती कथेत मिळाली की कथेबाहेर, खांबापाशी? आपला तेवढा भाग काढून टाकला आणि बाकीचे सारे जसेच्या तसे चालू राहिले, तर ती जागा आपली नव्हे.