अहिल्याबाईंच्या किल्ल्यातला मुक्काम

महेश्वरला नर्मदेच्या उत्तर तीरावर जो किल्ला उभा आहे, त्याच्या माथ्यावरच्या होळकरांच्या वाड्यात २००० सालापासून 'अहिल्या फोर्ट' हे हॉटेल चालतं. सज्जात उभं राहिलं की खाली घाटाच्या पायऱ्या, धुणी, नावा आणि पलीकडे नदीचं रुंद पात्र. एकेकाळी राजधानी असलेल्या जागेत पैसे भरून उतरता येतं, इथवर गोष्ट कशी आली हे बघण्यासारखं आहे.

किल्ला अहिल्याबाईंच्या आधीचा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. चोंडीच्या या लेकीने मग कारभार हाती घेतला आणि राजधानीसाठी इंदूर सोडून नर्मदाकाठ निवडला. घाट बांधले, देवळं उभी केली, विणकर वसवले. स्वतःचं राहणं मात्र साधंच ठेवलं. लाकडी खांबांची ओसरी, मधे चौक, बैठकीला पांढऱ्या चादरीची गादी. आपल्याकडच्या एखाद्या देशमुखी वाड्यात शिरल्यासारखं वाटतं. काशी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं करणारी बाई इथून राज्य चालवत होती, यावर पटकन विश्वास बसत नाही.

१७९५ मध्ये त्या गेल्या. महिदपूरला इंग्रजांकडून झालेल्या होळकरांच्या पराभवानंतर १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला गेली. माझ्या मते महेश्वर वाचलं ते इथे. पुढचे महाल, पुढचा थाटमाट सगळा इंदूरला झाला. लालबाग तिकडे उभा राहिला. महेश्वरात पुजारी राहिले, कोष्टी राहिले. वाड्यावर नवं काही चढवायची कुणाला गरजच पडली नाही.

अहिल्याबाईंच्या काळापासूनचं लिंगार्चन अजून रोज सकाळी होतं. ब्रह्मवृंद ओळीने बसतात, काळ्या ओल्या मातीच्या चिमुकल्या पिंडी वळून पाटावर मांडतात. प्रत्येक पिंडीवर तांदळाचा एक दाणा. बघता बघता पाट हजारो पिंडींनी भरतो, पूजा होते आणि सगळं नर्मदेत सोडलं जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती भिजवायची.

संस्थानं विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले. देशभर राजवाड्यांची हॉटेलं होऊ लागली ती या ओढाताणीतून. महेश्वरला क्रम वेगळा लागला, आणि मला तोच मोलाचा वाटतो. इंदूरचे शेवटचे सत्ताधीश यशवंतराव होळकर यांचे पुत्र रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस 'रेहवा सोसायटी' काढून आधी हातमाग सावरले. तेव्हा महेश्वरी साडीचं विणकाम मोडकळीला आलं होतं. बायका मागावर बसल्या, काठांवर लाटा, चटई, विटा, हिरा ही नक्षी पुन्हा उमटू लागली. खोल्या पाहुण्यांना खुल्या झाल्या त्यानंतर वीसेक वर्षांनी. त्यामुळे इथे उतरणाऱ्याला नुसता जुना वाडा मिळत नाही, खटखटणारे मागही सापडतात.

एक गोष्ट मात्र खटकते. या खोल्यांचं भाडं साध्या माणसाच्या खिशाला झेपणारं नाही. नर्मदा परिक्रमेत मराठी माणसं केवढी तरी असतात. पाठीला पडशी, हातात काठी, तोंडी 'नर्मदे हर'. ती या तटाखालून जातात आणि गावातल्या धर्मशाळेत पथारी टाकतात. अहिल्याबाईंनी तर आपल्या खासगीच्या पैशातून देशभर धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रं उभी केली. वाड्याच्या उत्पन्नातला थोडा भाग काढून घाटाजवळ परिक्रमावासीयांसाठी स्वच्छ ओवऱ्या, गरम पाणी आणि दोन वेळचं सदावर्त कायमचं चालवावं, असं मला मनापासून वाटतं.