पेशीच्या दिवशी सोबत कोण होतं?

पडेगावातून कोर्टात जायचं म्हणजे सकाळीच शेअर रिक्षा पकडायची, छावणी, नगर नाका, बाबा पेट्रोल पंप असं करत अदालत रोडला उतरायचं. रस्त्याचं नावच अदालत. मी बचत गटांची समन्वयक. हप्ते, बँकेचे फॉर्म, मासिक बैठका, ठरावाची वही हे माझं काम. पण गेल्या काही वर्षांत घरात मार खाणाऱ्या बायांबरोबर कोर्टात जाणं हेही काम कधी झालं ते कळलंच नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा दारातल्या माणसानं विचारलं, "तुम्ही वकील का?" म्हटलं, नाही. "मग तिची बहीण?" नाही. "मग कोण?" मला उत्तरच सुचलं नाही. घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यात राहिला. म्हटलं, आपल्या आधी ज्या बाया कोर्टात गेल्या, त्यांच्या सोबत कोण होतं? तेव्हापासून मिळेल ते वाचत गेले. आज त्याचंच बोलणार आहे.

सुरुवात रखमाबाईंपासून करू. डॉक्टर रखमाबाई म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पण डॉक्टर होण्याआधी त्या आरोपीसारख्या कोर्टात उभ्या होत्या. जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी लग्न लागलं. त्या नांदायला गेल्याच नाहीत, आईच्या आणि सावत्र वडिलांच्या घरी राहून शिकत राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे शिकलेले, पुढच्या विचाराचे. १८८४ साली नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, दावा लावला की बायको माझ्याकडे नांदायला पाठवा.

मैत्रिणींनो, "नांदायला ये" ही नोटीस आपल्याला नवी आहे का? आजही बाई मार खाऊन माहेरी आली आणि तिनं पोटगी मागितली, की आठ-पंधरा दिवसांत वकिलाची नोटीस येते, मी तिला नांदवायला तयार आहे. हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम तेच आहे. म्हणजे आपल्या हातातल्या नोटिशीची पणजी रखमाबाईंच्या हातात होती.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. लहानपणी, न कळत्या वयात लावलेल्या लग्नाच्या जोरावर मोठ्या झालेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध नवऱ्याच्या घरी ढकलता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. मग अपील झालं आणि खटला पुन्हा सुनावणीला आला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला. महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. बावीस वर्षांची पोरगी! 'केसरी'तून टिळकांनी त्यांच्यावर टीका केली, गावभर चर्चा, विलायतेतल्या वर्तमानपत्रांतही नाव. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायांचं आरोग्य सांभाळलं, आणि १९५५ साली वारल्या.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात की एक धीट बाई एकटी लढली. मला ते पटत नाही. धीट होत्याच. पण एकट्या नव्हत्या. सखाराम अर्जुन १८८५ मध्ये, खटला चालू असतानाच गेले, तरी आजोबा पाठीशी होते. त्यांच्या मदतीसाठी समिती उभी राहिली, मलबारींसारखे संपादक त्यांच्या बाजूनं लिहीत होते, आणि त्या स्वतः 'एक हिंदू स्त्री' या नावानं टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहीत होत्या. घर, पैसा, वर्तमानपत्र, माणसं, सगळं होतं तेव्हा चार वर्षं टिकता आलं. हे सोडून नुसता धीर सांगितला, की आपल्या वस्तीतली बाई स्वतःलाच दोष देते, रखमाबाईंना जमलं, मला का जमत नाही. अगं बाई, तुझ्याकडे रिक्षाचे पैसे नाहीत आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. तेवढ्यानंच नाही जमत.

आणखी एक नाव कॉर्नेलिया सोराबजी. आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या. ऑक्सफर्डला कायदा शिकलेली ही पहिली बाई, पण परत आल्यावर वकिलीची सनद मिळेना, कारण बाई. १९०४ पासून बंगालकडे सरकारी कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कायदा सल्लागार म्हणून त्यांनी पडद्यातल्या बायकांचं काम केलं. ज्या बाया कोर्टात येऊ शकत नव्हत्या, त्यांच्या घरात जाऊन त्यांचं म्हणणं ऐकायचं. बायकांना वकिली करायला मुभा देणारा कायदा झाला १९२३ साली. म्हणजे तोपर्यंत बाईचं दुखणं कोर्टात सांगणारा पुरुष, ऐकणारा पुरुष, आणि लिहून घेणाराही पुरुषच.

तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत. ते राज्य १९४८ मध्ये गेलं, भाषा मात्र अंगणात राहिली. अदालत, वकालतनामा, हलफनामा, पुकारा. आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला जुनी माणसं अजून पेशीच म्हणतात. पुढे आपण महाराष्ट्रात आलो तरी हायकोर्ट मुंबईला. औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं १९८१ साली. त्याआधी परभणीच्या किंवा बीडच्या बाईनं पोटगीसाठी हायकोर्टात जायचं तर मुंबई गाठायची. कोण जाणार? वकिलांच्या इतिहासात खंडपीठाची चळवळ मोठी आहे, आणि असावीच. पण बायांच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच होता की संध्याकाळी घरी परत येता येतं.

आता बीडचं नाव निघालं म्हणून सांगते. मंजुश्री सारडा हे नाव तुमच्या आईला विचारा, आठवेल. माहेर बीडचं. १९८२ च्या फेब्रुवारीत लग्न होऊन पुण्याला गेली आणि जूनमध्ये विषानं गेली. चार महिने फक्त. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, तीच खटल्यात वाचली गेली. पुण्याच्या कोर्टानं नवऱ्याला फाशी दिली, हायकोर्टानं ती कायम केली, आणि १९८४ साली सुप्रीम कोर्टानं पुरावा पुरेसा नाही म्हणून निर्दोष सोडलं. निकालावर मी कोण बोलणार. पण वाचताना माझं मन त्या पत्रांवर अडकलं. बाई पत्रातून सांगत होती आणि ऐकणाऱ्या बायाही होत्या. मात्र ते सांगणं घेऊन जिवंतपणी जायचं कुठे, याला जागाच नव्हती. ते कागद कोर्टात पोचले ते ती गेल्यावर. पुण्याच्या नारी समता मंचानं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन केलं आणि ते गावोगावी फिरवलं. विद्या बाळ त्यात होत्या.

त्याच काळात कायदेही बदलले. १९८३ मध्ये ४९८अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम. (आता नव्या न्याय संहितेत ४९८अ चं ८५ आणि ८६ झालं आहे, ठाण्यात तोच आकडा सांगा.) आणि १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पोलिसांच्याच इमारतीत, पण खाकी न घातलेली, समाजकार्य शिकलेली बाई खुर्ची टाकून बसली. ती एफआयआर लिहीत नाही, निकाल देत नाही. ऐकते, लिहून ठेवते आणि पुढे सोबत येते. नंतर सरकारनं हे कक्ष महाराष्ट्रभर नेले.

तरीही एक अडचण होती. ४९८अ म्हणजे नवऱ्याला आत टाका. नाहीतर घटस्फोट घ्या. बाईला तर बहुतेक वेळा दोन्ही नको असतं. तिला हवं असतं की मारणं थांबावं, घरातून काढू नये आणि पोरांच्या दुधाला पैसे मिळावेत. हे मागायला जागा मिळाली २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं. तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात संरक्षणाचा आदेश आहे, राहत्या घराचा हक्क आहे, पैशाची मदत, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई आहे. आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत फुकट. आणि माझ्या कामाची ओळ बाराव्या कलमात. अर्ज पीडित बाई करू शकते, संरक्षण अधिकारी करू शकतो, किंवा तिच्या वतीनं दुसरी कुणीही व्यक्ती करू शकते. कुणीही! दारातल्या त्या माणसाला द्यायचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं होतं, मला माहीत नव्हतं इतकंच.

हे वाचलं तेव्हा आनंद झाला, आणि लगेच लाजही वाटली. का ते सांगते.

आमच्या एका गटातली बाई होती. नाव नाही सांगत. नवरा मारायचा, गटाच्या कर्जातले पैसेही त्यानंच उचलले होते. एकदा ती माहेरी निघून गेली आणि दोन हप्ते थकले. बैठकीत कुरकुर सुरू झाली, एकीचं थकलं की पुढच्या कर्जाला सगळ्याच अडकतात. मी समन्वयक. मीच तिला फोन केला, ये बाई, बसून मिटवू. आम्ही चौघीजणी तिच्या घरी गेलो, नवऱ्याकडून पुन्हा मारणार नाही असं कागदावर लिहून घेतलं, चहा घेतला आणि आलो. हप्ता सुरू झाला. सहा महिन्यांनी ती हात गळ्यात बांधून माझ्या दारात उभी राहिली. मला म्हणाली, "ताई, तो कागद त्यानं त्याच रात्री फाडला." तिनं मला एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून इतिहासात तडजोड हा शब्द आला की मी आता थांबून वाचते. रखमाबाईंचीही तडजोडच झाली. पण ती त्यांना पाहिजे तिकडे जायला मोकळं करणारी होती. आम्ही केलेली आमच्या हप्त्यासाठी होती.

त्यानंतर तिच्याबरोबर गेले. संरक्षण अधिकाऱ्यांनी घटनेचा अहवाल भरला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाला. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही मला तेव्हाच कळलं. पहिल्या तारखेला आम्ही चहाला बाहेर गेलो आणि पुकारा होऊन गेला. वकीलताईंनी सांभाळून घेतलं, पण मला चांगलंच सुनावलं. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. साठ दिवस! आम्ही किती पेशा केल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. घरात राहण्याचा आदेश मात्र मधेच मिळाला. घर सासूच्या नावावर होतं, तरी मिळाला. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय की सासू-सासऱ्यांच्या नावावरचं असलं तरी सून जिथे नांदली ते घर सामायिक घर ठरू शकतं. ती आज त्याच घरात पुढच्या खोलीत राहते. पैसे कधी येतात, कधी येत नाहीत.

आमच्या वस्तीतल्या आपा आणि भाभी विचारतात, हे आमच्यासाठी आहे का? आहे. हा कायदा धर्म विचारत नाही. आणि पोटगीच्या बाबतीत आपल्याच खंडपीठाचा एक निकाल लक्षात ठेवा. पूर्वी बाईनं पोटगी मागितली की नवरा जबाबात लिहून टाकायचा, मी हिला कधीच तलाक दिला आहे. तेवढ्यावर काम भागायचं. २००२ साली औरंगाबादच्या पूर्णपीठानं सांगितलं की नुसतं जबाबात लिहून तलाक होत नाही. कारण काय होतं, समेटाचा प्रयत्न झाला का, तलाक खरंच दिला का, हे सिद्ध करावं लागेल. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलं. शहरातून रोज त्या इमारतीवरून जाणाऱ्या कितीजणींना हे माहीत आहे?

आता सोबतीचं काम नेमकं काय, तेही सांगते, कारण परवा एका ताईंनी विचारलं, तुम्ही तिथे बोलता का? नाही. आत बोलायचं ते वकिलानं आणि तिनं. मी तिला आदल्या रात्री फोन करते, कारण आदल्या रात्रीच घरचे सगळ्यात जास्त समजावतात. दवाखान्याचे कागद, मारहाणीच्या तारखा, आधार, रेशनकार्ड, झेरॉक्स अशी पिशवी भरून घेते, आणि मूळ कागद तिच्या घरी ठेवू देत नाही. बाकावर तिच्या आणि सासरच्यांच्या मधे मी बसते. एवढंच. पाठ करून आलेली बाईसुद्धा समोर नवरा दिसला की अर्धं विसरते, तेव्हा मधे एक माणूस लागतं. गटानंही ठराव केला आहे, कोर्टाच्या तारखेला जाणाऱ्या सभासदाचा त्या महिन्याचा दंड माफ आणि रिक्षाचे पैसे गटाच्या व्याजातून. ठराव मांडला तेव्हा दोघी विरोधात होत्या. त्यातल्या एकीचं प्रकरण आता आपल्याकडेच आहे.

तिची पेशी येत्या मंगळवारी आहे. मोफत सल्ल्यासाठी १५१०० आणि महिला हेल्पलाइन १८१, दोन्ही नंबर लिहून घ्या. आणि कुणाला यायचं असेल तर सकाळी साडेदहाला कोर्टाच्या गेटवर भेटू. डबा घेऊन या, चहाला बाहेर जायचं नाही.