घाटकोपर : अल्पपरिचित स्थळे

घाटकोपर : बृहन्मुंबईचे एक पूर्व उपनगर. मध्य रेल्वेवरील स्थानक, महापालिकेचा एन विभाग. १९५० साली ते महापालिकेच्या हद्दीत आले. पश्चिमेला डोंगराच्या सोंडा, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मधून १८५३चा मुंबई-ठाणे लोहमार्ग, अशी त्याची ठेवण आहे. वर्सोव्याहून येणारी मेट्रो ८ जून २०१४ पासून येथे संपते, त्यामुळे बहुतेक मुंबईकरांना घाटकोपर ठाऊक आहे ते गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून. खाऊगल्ली सोडली तर येथे मुद्दाम उतरून पाहावे असे काय आहे, हा प्रश्न नेहमीचाच. प्रेक्षणीय स्थळ म्हणजे किल्ला, लेणे, निदान एखादे पुरातन देवालय, असे त्यामागे गृहीत असते. ही कसोटी मानली तर नोंद येथेच आटोपती घ्यावी लागेल. पण घाटकोपरात जे घडले ते पत्र्याच्या खोल्यांत, तबेल्यांत आणि दलदलीच्या काठाला घडले. वास्तूचे वय विचारण्यापेक्षा तेथे कोणी काय केले हे विचारणे येथे अधिक फळते.

याचा सर्वांत ठळक पुरावा पश्चिमेकडील चिरागनगर. वाटेगावचे लेखक अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) या झोपडवस्तीत दोन दशकांच्या आसपास राहिले. ‘फकिरा’ (१९५९) ही त्यांची कादंबरी याच काळातली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ‘चिरागनगरची भुतं’ या त्यांच्या पुस्तकात तर वस्तीचे नाव थेट मुखपृष्ठावर गेले. मुंबईच्या किती उपनगरांच्या वाट्याला हे आले? १९६१ साली अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. युरोपातल्या जुन्या शहरांत लेखकाच्या घरावरची पाटी शोधत प्रवासी गल्लीबोळ पालथे घालतात. आपल्याकडे मॉस्कोतला पुतळा बातमी होतो आणि चिरागनगर पत्त्यापुरते उरते. तेथे पाहायचे तरी काय, असे कोणी म्हणेल. गल्लीची रुंदी पाहायची. वारणेच्या खोऱ्यात घोडा उधळणारी कादंबरी लिहिणाऱ्याच्या वाट्याला किती जागा होती, ते तिथे उभे राहिल्याखेरीज कळत नाही.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे : गरिबांची वस्ती ही पाहण्याची वस्तू करावी का? घाटकोपर पश्चिमेच्या असल्फा टेकडीने तो ऐरणीवर आणला. २०१७-१८ मध्ये ‘चल रंग दे’ या उपक्रमातून तेथील घरांच्या भिंती रंगल्या, वृत्तपत्रांनी इटलीतल्या पोझिटानोची उपमा दिली आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागली. आक्षेप निम्मा खरा आहे. कोणाच्या दारात शिरून कॅमेरा रोखणे अशिष्टच. परंतु मेट्रोच्या खिडकीतून दिसणारा तो उतार रंगाच्या पलीकडेही वाचता येतो. घाटकोपरच्या अशाच डोंगरउतारावर जुलै २००० मध्ये दरड कोसळून साठाहून अधिक माणसे गेली. सपाट जमीन परवडत नाही तेव्हा शहर उभे कसे चढते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे एवढ्या उघडपणे दाखवणारी जागा दुसरीकडे शोधावी लागेल. पोझिटानोची उपमा नेमकी हीच गोष्ट झाकते.

पूर्वेकडे प्रकृती बदलते. गुजराती-कच्छी वस्तीतील सार्वजनिक जीवदया खाते ही संस्था १९२०च्या दशकातली. मुंबईच्या तबेल्यांत जनावर आटले की ते पोसणे गवळ्याला परवडत नसे आणि ते कसायाकडे जाई. या व्यवहाराला उत्तर म्हणून ती निघाली. त्यापलीकडे खाडी. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्षी येथे का येतात, याचे एक कारण सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर माजणारे शेवाळ हे मानले जाते. म्हणजे या गुलाबी वैभवात उपनगरांच्या गटारांचाही वाटा आहे. पक्षी पाहायला नेणाऱ्या नावा पलीकडच्या काठावरून, ऐरोलीच्या केंद्रातून सुटतात.

पूर्व द्रुतगती मार्गालगतचे माता रमाबाई आंबेडकर नगर मात्र कोणत्याही सहलीत बसवू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर ११ जुलै १९९७ रोजी तेथे राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट येथूनच सुरू होतो. आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने या वस्तीचा पुनर्विकास हाती घेतला आहे. जायचेच तर ११ जुलैला, अभिवादनासाठी जमलेल्यांत मागे उभे राहावे. चिरागनगरला १ ऑगस्ट, म्हणजे अण्णा भाऊंची जयंती, आणि खाडीला हिवाळ्यापासून मेपर्यंतचा भरतीचा वेळ सोयीचा.